पत्र्याखालची कुंडी

माती ओली होती. सुदर्शननं सवयीनं कुंडीच्या कडेला बोट टेकवलं आणि चटका बसल्यागत मागं घेतलं. फार ओली नव्हती. कुणीतरी घोटभर पाणी घालावं, ते मुरून जावं आणि वर नुसता गारवा राहावा, इतकीच. आधी त्यानं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं. मग स्टूल आणून त्यावर चढला आणि पत्र्याचा एकेक खिळा चाचपला. कुठं भोक नव्हतं, कुठं थेंब नव्हता. खाली उतरून त्यानं शेजारच्या कुंड्यांतून बोट फिरवलं. सगळ्या ठणठणीत कोरड्या, आणि मधली ही एकटीच ओली. पाऊस आत आला असता तर त्यानं कुंडी निवडली नसती. निवड माणूस करतो. हा विचार मनात आला आणि सकाळचा गार वारा असूनही सुदर्शनच्या कानामागं घाम फुटला. खाली घरात नात रडत होती, कुकरची शिट्टी होत होती, गारखेड्यातल्या त्या रो-हाउसच्या गच्चीवरून दिसणारं सगळं काही रोजच्यासारखं होतं, आणि तरी कुणीतरी आपल्या पाठीमागं इथं येऊन गेलंय, हे त्याला पक्कं कळलं होतं.

अख्खा मराठवाडा आभाळाकडं डोळे लावून बसतो त्या दिवसांत हा माणूस पावसापासून कुंड्या लपवत बसतो, यावरून गल्लीत त्याची पुष्कळ चेष्टा झाली होती. पण त्याचा इलाज नव्हता. त्याचे कंद आफ्रिका खंडाच्या पार खालच्या टोकाचे. तिकडं पाऊस पडतो तो थंडीत. उन्हाळा कोरडा, कडक, वणव्यांचा. त्यामुळं हे कंद थंडीत पानं काढतात, ऊन तापलं की पानं टाकून देतात आणि जमिनीखाली निजून राहतात. त्या झोपेत पाणी मिळालं की आतल्या आत कुजायला लागतात, आणि वरून काहीच दिसत नाही. सुदर्शननं त्यांना या शहरात जगवलं ते एक खोटं रचून. दिवाळीला तो त्यांचा पाऊस सुरू करी, होळीला बंद करी, आणि आपला खरा पाऊस आला की सगळ्यांना पत्र्याखाली सरकवून, जणू पाऊस आलाच नाही असं त्यांना भासवी. मुरूम, भरड वाळू आणि मूठभर पालापाचोळ्याचं खत, एवढंच त्यांचं घर. मधल्या मोठ्या मातीच्या कुंडीतला हेमॅन्थस तर त्यानं बियांपासून वाढवलेला. उटीकडच्या एका बाईंनी पाठवलेल्या मऊ, मांसल बिया, त्यांतली एकच जगली. मुलगा सार्थक कॉलेजात गेला तेव्हा तिला पहिलं पान आलं. आता सार्थकला मुलगी झाली, आणि यंदा ते झाड पहिल्यांदा फुलणार असा सुदर्शनचा अंदाज होता. थंडीत दोन पानं आली होती ती चांगली हातभर लांब, मातीवर दोन्ही बाजूंना पसरून पडलेली. इतक्या मोठ्या पानांनी खाली केवढी साठवण केली असेल, याचा तो रात्रंदिवस हिशेब करी. ऐन पावसाळ्यात उघड्या मातीतून आधी लाल फूल वर येतं, पानं नंतर. म्हणजे आत्ता, या घटकेला, खाली कळी तयार असणार. आणि नेमक्या याच वेळी कुणीतरी तिच्यावर पाणी ओतलं होतं.

तो तासभर गच्चीवरून हलला नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्याचं अर्धं आयुष्य तपासनीस म्हणून गेलं होतं. समोर आलेला प्रत्येक नग चांगला आहे असं धरून चालणारा माणूस त्या टेबलावर टिकत नाही. आधी वाईट आहे असं समजायचं, मग मोजायचं, आणि मोजून सुटला तर सुटला. ही सवय कामावरून घरी येताना फाटकावर ठेवून येता येत नाही, हे त्याला कधी उमगलं नाही. भाजीवाल्यापासून सुनेच्या चुलतभावापर्यंत सगळ्यांना तो मनात एकदा फिरवून, उजेडात धरून बघे. बायको चंद्रकला म्हणायची, ‘तुम्हाला माणूस दिसतच नाय, तडाच दिसतो.’ तो हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं. आता त्यानं कुंडीवर वाकून मातीचा वरचा थर डोळ्यांनी तपासला. मधोमध, जिथं कंदाची मान असेल तिथं, मुरूम जसाच्या तसा होता. पण डाव्या कडेला तो सारखा केल्यासारखा दिसत होता, हातानं थापटल्यासारखा. आणि मुरमाच्या खड्यांत अडकलेलं एक काळं ढेकूळ होतं, हरभऱ्याएवढं. ते त्यानं उचललं, बोटांत चुरडलं. चिकट, काळीभोर माती. त्याच्या एकाही कुंडीत ही माती नव्हती. म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. कुणीतरी कुंडी उकरली होती आणि बाहेरची माती घालून खड्डा बुजवला होता.

कशासाठी? याचं उत्तर त्याच्याजवळ तयारच होतं, आणि ते गच्चीच्या कठड्यापलीकडं राहत होतं. शेजारच्या राजेंद्रची बायपासला नर्सरी होती. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा, लहान पोरगं ओलांडून जाईल असा. राजेंद्र वर्षभर त्या हेमॅन्थसच्या मागं होता. तो येताजाता म्हणायचा, ‘भाऊ, एक पिल्लू द्या की. कबसे बोल रहा मैं.’ कंदाला अजून पिल्लं फुटलेलीच नाहीत, हे सांगून सुदर्शन थकला होता. त्या दिवशीही तो दात घासत कठड्याशी आला आणि म्हणाला, ‘काय सुदर्शनभाऊ, उठला का तुमचा आफ्रिकावाला?’

‘निजलाय अजून,’ सुदर्शन म्हणाला. ‘कुणी उठवला नाही तर बरं.’

‘आपल्याकडं कोण उठवतंय त्याला? मातीत काय हाय नि काय नाय, ते तुमालाच ठाव.’ राजेंद्र हसला, चूळ भरून गेला. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. पण सुदर्शनच्या मनानं ते वाक्य धरलं आणि सोडलंच नाही. मातीत काय हाय नि काय नाय. मोठा कंद काढून घेतला आणि जागी एखादा फालतू लिलीचा गड्डा ठेवला, तर कळणार कुणाला? पाणी घातलं ते माती दबून बसावी म्हणून. फुलाची वेळ टळून जाईल, मग सुदर्शन म्हणेल यंदा आलं नाही, पुढच्या वर्षी येईल, आणि अशीच वर्षं जातील. चोरी इतकी सोपी आणि इतकी साफ होती की ती झाली नसेल, यावर त्याचा विश्वास बसेना.

चहाच्या वेळी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘वरच्या मोठ्या कुंडीला पाणी कुणी घातलं?’

चंद्रकला नातीचे लंगोट घडी करत होती. तिचा हात थांबला नाही, पण तिनं वर पाहिलंही नाही. ‘तुमच्या कुंड्या, तुमचं पाणी,’ ती म्हणाली. ‘मला एका पोरीचं आंघोळपाणी उरकंना, नि मी कुठं तुमच्या कुंड्यायला पाणी घालू?’ हे उत्तर होतं, पण त्यात ‘नाही’ कुठंच नव्हतं. सुदर्शननं ते लक्षात ठेवलं. सून श्रेया आतल्या खोलीतून बाहेर येत होती, ती दारातच थबकली आणि बाळ रडत नसताना बाळाला थोपटत परत आत गेली. तेही त्यानं लक्षात ठेवलं. मग एकदा गाठ सुटली की दोरा जसा सरसर निघत जातो, तसं गेल्या आठवड्यातलं एकेक त्याला आठवायला लागलं. चंद्रकला सार्थकला घेऊन गावाकडं जाऊन आली होती, खंडोबाला जाते म्हणून. नात पोटात असल्यापासूनचा नवस, असं तिनं सांगितलं. मग तिच्या चपलांना काळी माती कशी? खंडोबाच्या टेकडीवर मुरूम आहे. आणि परवा तो जिना उतरत होता तेव्हा श्रेया म्हणत होती, ‘बाबांना सांगायला पाहिजे का?’ आणि चंद्रकला म्हणाली होती, ‘कशाला? उगं तोंड सोडतील.’ तेव्हा त्याला वाटलं होतं, बारशाच्या खर्चाचं काहीतरी असेल. आता तसं वाटेना. घरातली माणसं, शेजारचा माणूस, सगळेच एखाद्या गोष्टीभोवती गोल उभे आहेत आणि त्याला तेवढं पाठमोरं ठेवलंय, असं त्याला वाटायला लागलं. त्यानं चहा अर्धा ठेवला.

चंद्रकलेवर संशय घेण्यात एक अडचण होती. ती तसं कधी करीत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून, एक वेळ सोडली तर, तिनं त्याच्या वस्तूला हात लावला नाही. त्यानं तशी सोयच ठेवली नव्हती. एकदा त्याच्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत तिनं कढीपत्ता लावला होता, तेव्हा खाली निजलेला कंद खुरप्यानं चिरला गेला, आणि सुदर्शननं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. ‘पत्र्याखालच्या कुंडीला कुणी हात लावायचा नाही. देवानंसुद्धा,’ असं तो तेव्हा म्हणाला होता. हे वाक्य मग घरात थट्टेचं झालं. सार्थक पाहुण्यांना गच्ची दाखवताना म्हणे, ‘इकडं बघा, पण त्या कुंडीकडं नुसतं बघायचंही परवानगीनं.’ दोन उन्हाळ्यांपूर्वी सुदर्शननं कुठंसं वाचलं की वणवा लागून गेला की यांतले काही कंद हमखास फुलतात, धुरानं त्यांना जाग येते. तेव्हा त्यानं पाचट आणून कुंड्यांभोवती जाळलं होतं. भर दुपारी एक माणूस रिकाम्या कुंड्यांना धूर देत बसलाय, हे चार गच्च्यांवरून बायकांनी पाहिलं, आणि महिनाभर गल्लीत कुजबुज होती की हे काहीतरी करणीचं दिसतंय. चंद्रकलेनं ते हसत हसत येऊन सांगितलं होतं. तेव्हा तोही हसला होता. लोक किती मूर्ख असतात, असं म्हणाला होता.

त्याला आता सगळं एकाच कामानं सुटणार होतं. कुंडी उकरायची, कंद आहे की नाही ते बघायचं. पण नेमकं तेच करता येत नव्हतं. या झाडाची मुळं जाडजूड, पांढरी, बोटाएवढी, आणि ती झोपेतही जिवंत असतात. एकदा हलली की झाड दोन-दोन, तीन-तीन वर्षं रुसून बसतं. कारखान्यात काही तपासण्या अशा असायच्या की तुकडा तोडल्याशिवाय तो मजबूत होता की नाही ते कळत नसे. म्हणून ढिगातला एखादाच तोडायचा आणि त्यावरून बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा. इथं एकच होता. तो दिवसातून चार वेळा वर जाई, कुंडीपाशी उकिडवा बसे, मातीला नाक लावी. रोज सकाळी तिथं नवा ओलावा असे. गच्चीच्या दारात खुर्ची टाकून त्यानं पाळत ठेवून पाहिली, तर त्या दिवशी नातीला घेऊन बसायला चंद्रकलेनं त्यालाच खाली बोलावलं. उतरून येऊन वर गेला, तर माती पुन्हा ओली. ही पाच मिनिटं कुणी साधली? त्या पोरीला मांडीवर घेऊन बसला होता तेव्हासुद्धा त्याचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. तिची इवलीशी मूठ त्याच्या शर्टाच्या बटणावर टेकली होती आणि तो जिन्यावरची पावलं ऐकत होता.

बारशाच्या तयारीचा दिवस उजाडला आणि घर रिकामं झालं. सार्थक श्रेयाला आणि बाळाला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला. चंद्रकला त्यांच्याच गाडीतून शहागंजला उतरणार होती, कुंची, झबलं, पाळण्याची झालर घ्यायला. ‘येता का तुम्ही?’ म्हणून तिनं विचारलं. तो नको म्हणाला. गाडी वळणाआड गेली तसा तो वर गेला. जाताना स्वयंपाकघरातून त्यानं मोठा चमचा घेतला, खुरपं नको म्हणून. आपण फक्त कडेची माती थोडी सारून बघणार आहोत, कंदाचा खांदा दिसला की थांबणार आहोत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उकरलेल्या डाव्या कडेनं त्यानं चमचा घातला. मुरूम, मुरूम, मग काळी माती. मूठभर असावी, एका जागी घातलेली. चमचा कशाला तरी मऊ लागला. तो वाकला आणि बोटांनी माती बाजूला केली.

लाल कापडाची पुरचुंडी होती. लिंबाएवढी. पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली, हळदीकुंकवानं माखलेली. ओली.

सुदर्शन मागं सरला तो पाठ कठड्याला लागेपर्यंत. करणी. हा शब्द त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली, पण शब्द गेला नाही. तो विज्ञान मानणारा माणूस होता, गणपतीपुढं हात जोडायचा तोही घाईघाईनं. पण हे मानणं-न मानणं वरच्या मजल्यावरचं होतं आणि खाली, तळाशी, एक दुसरंच घर होतं. तिथं तो सात-आठ वर्षांचा होता, शेताच्या बांधावर उभा. त्याची आई सरूबाई बांधाच्या फटीत सापडलेल्या एका पुरचुंडीकडं बोट दाखवून थरथरत होती. ती कुणी उचलली नाही, कुणी उघडली नाही. आईनं लांबूनच तिच्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. ‘आप्पासाहेबानंच केलं हे,’ ती म्हणाली. आप्पासाहेब म्हणजे चुलता, शेजारच्या पट्टीतला. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं तुटलं. सामाईक विहिरीवर पाळ्या लागल्या, लग्नात पत्रिका गेल्या नाहीत, आणि आप्पासाहेब मेला तेव्हा सुदर्शनचा बाप शेजारून बैलगाडी हाकत निघून गेला, वळून पाहिलं नाही. त्या पुरचुंडीत काय होतं ते मात्र कुणीच कधी पाहिलं नव्हतं. हे आत्ता त्याला आठवलं, स्पष्ट आठवलं, आणि तरीही त्यानं तिला हात लावला नाही. न मोजता एक खिळा पुढं न जाऊ देणारा माणूस ती दोऱ्याची गाठ सोडू शकला नाही. नव्या नातीचं घर. बारसं तोंडावर. आणि कुणीतरी त्याच्या सगळ्यांत प्रिय कुंडीत हे आणून पुरलं होतं, रोज पाणी घालून जोपासत होतं.

खालून घंटागाडी आली. रोजची वेळ होती, रोजचं गाणं. तो खाली पळत गेला, चिमटा घेऊन आला, पुरचुंडी चिमट्यानं उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली, पुन्हा खाली आला आणि घरच्या कचऱ्याच्या पिशवीत न टाकता सरळ गाडीच्या पोटात टाकली. गाडीवरची बाई म्हणाली, ‘काका, ओला की सुका?’ गाडी पुढं गेली, कोपऱ्यावर थांबली, वळली. तेव्हा कुठं त्याला सुटल्यासारखं झालं. वर येऊन बघतो तर घाईत कुंडी आडवी झाली होती आणि कंद अर्धा बाहेर आला होता. होता. तोच होता, दोन मुठींएवढा, खवल्याखवल्यांचा, घट्ट. कुणी चोरला नव्हता. मानेच्या फटीतून लाल टोक डोकावत होतं, आणि खाली तीन जाड मुळं तुटून लोंबत होती. त्यानं तुटलेल्या जागी हळद लावली, तीच स्वयंपाकघरातली, आणि काळी-तांबडी माती हाताला येईल तशी भरून कंद परत बसवला, वर मूठभर मुरूम पसरला. राजेंद्र कठड्याशी आला नाही, याचंही त्याला आश्चर्य वाटलं. आता करणी करणारा समोर येणार नाही, लांब राहणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

संध्याकाळी चंद्रकला तांब्या घेऊन जिना चढली. तो पाठोपाठ गेला. ती पत्र्याखाली वाकून त्याच कुंडीवर धार धरत होती, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

‘काय करायलीस तू?’

ती दचकली. तांब्या सांडता सांडता वाचला. मग ती खाली बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि हसली. लहानपणी चोरून बोरं खाताना सापडल्यासारखी. ‘सापडले बघा,’ ती म्हणाली. ‘आता ओरडू नका. पोरगी निजलीय.’

‘काय आहे त्यात?’

‘पोरीची नाळ हाय.’

ती बोलत राहिली. श्रेयाला आई नव्हती म्हणून बाळंतपण इथं झालं, नाळ पडली तीही इथंच, आणि मग ती पुरायची कुठं, हा प्रश्न पडला. अंगणात फरशी, पुढं डांबर. गावाकडलं रान नव्या रस्त्यात गेलेलं. ज्या लिंबाखाली सुदर्शनची नाळ होती तिथनं आता गाड्या जात होत्या. ‘तरी मी गेले,’ ती म्हणाली. ‘खंडोबाचं निमित्त केलं. हिरीजवळ एक कोपरा राहिलाय बघा, तिथली मूठभर काळी आणली. म्हनलं, आपल्या रानातली माती तरी सोबत असू दे. बारशापर्यंत रोज घोटभर पाणी घालतेत, तेवढंच. तुमच्या कांद्याला धक्का नाय लावला हां, कडेला ठिवली.’

‘मला सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही हसला असता. म्हनला असता, हे काय खेड्यातलं. श्रेया म्हनत होती सांगा, मीच नगं म्हनले.’ ती कुंडीवरून हात फिरवत म्हणाली, ‘आन् लई विचार करून इथं ठिवली मी. साऱ्या घरात हीच एक जागा हाय, जिथं कुणी हात लावत नाय. तुम्ही लावूच देत नाय. दुसऱ्या कुंडीत ठिवली असती तर उद्या कुणी उपटली असती, कुणी फेकली असती. इथं कशाची भीती? तुम्ही हाव ना राखायला.’

सांगून टाकावं, आत्ता, या घटकेला, असं त्याला वाटलं, तोंड उघडलंही. पण कुठून सुरुवात करायची? आपल्याच रानातली माती आपल्याला ओळखता आली नाही, तिथून? की चिमट्यापासून? ती त्याच्याकडं इतक्या निर्धास्तपणे बघत होती की तसं तिनं त्याच्याकडं गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि त्यानं तेही तपासत ठेवलं असेल. त्यानं पुढं होऊन तिच्या हातातला तांब्या घेतला. कंद कुजेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं धार धरली. मुळं तुटलेल्या, हळद लावलेल्या, निजलेल्या कंदावर आपल्या हातानं पाणी घातलं, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत थांबला नाही. ‘व्हय, असंच,’ चंद्रकला समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दूध आणायला म्हणून स्कूटर घेऊन निघाला आणि दूध न घेता चिकलठाण्याकडं वळला. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या पाठीला माहीत होता. शहरातल्या घंटागाड्या जिथं रिकाम्या होतात त्या फाटकापाशी तो उभा राहिला. आत ढीग होते, ढिगांवर घारी होत्या, एक यंत्र ते ढीग चाळत होतं. रखवालदारानं विचारलं, ‘कोण पायजे?’ काय सांगणार होता तो? लिंबाएवढी वस्तू हरवलीय, लाल कापडातली, हळद लावलेली? आयुष्यभर ज्याला त्याला तू काय लपवतोस असं डोळ्यांनी विचारणारा सुदर्शन त्या रखवालदारापुढं उभा राहून म्हणाला, ‘काही नाही, रस्ता चुकलो.’ आणि परत फिरला. जालना रोडच्या गर्दीत, हेल्मेटच्या आत, तो रडला. रडणं थांबल्यावर त्यानं दूध घेतलं.

बारसं झालं. पोरीचं नाव संस्कृती ठेवलं. राजेंद्र नर्सरीतून निशिगंधाच्या काड्या घेऊन आला आणि पाळण्याला बांधून गेला. सुदर्शननं त्याला आग्रह करकरून दोन वेळा जेवायला वाढलं, तेव्हा राजेंद्रच संशयानं बघायला लागला की भाऊंना झालंय काय. बारशानंतर पाणी घालायचं नव्हतं, तरी सुदर्शन वर जाऊन बसे. त्यानं आता कंदाची आशा सोडली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुरूम तडकला आणि एक लाल बोंड वर आलं. दोन-तीन दिवसांत ते वितभर झालं. ठिपक्याठिपक्यांचा जाड देठ, आणि वर रंगाऱ्याच्या ब्रशासारखं भरगच्च फूल, आत पिवळ्या केसरांचे झुबके. एक पान नाही, नुसत्या मातीतून. फूल काही मुळांच्या जोरावर आलं नव्हतं, हे सुदर्शनला कळत होतं. ते आधीच्या साठवणीवर आलं होतं. मुळं धरली की नाही, ते दिवाळीला पानं आली तरच कळणार होतं. पण बघणाऱ्याला त्याचं काय? गल्लीतल्या बाया वर येऊन बघून गेल्या. श्रेयानं फोटो काढले. चंद्रकला पोरीला घेऊन आली आणि कुंडीपाशी बसली. ‘बघ,’ ती पोरीला म्हणाली, ‘तुझी नाळ रुजली बघ कशी लालभडक. आजोबा राखतेत तुला.’

बोलता बोलता तिनं सवयीनं कुंडीतली माती हातानं सारखी करायला घेतली. तिची बोटं थांबली. सुदर्शननं पाहिलं, सरकलेल्या मुरमाखाली लगेच काळी माती होती. तिनं ती खोल, एका कडेला घातली होती; आता ती मुरमात मिसळून, डाव्या कडेपासून मधल्या देठापर्यंत सगळीकडं वर आलेली होती. चंद्रकला शेतकऱ्याची लेक होती. तिनं चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरडली, आणि नुसती त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत त्यानं शोधू शोधू शोधलं, पण काही हाती लागेना. तिला कळलं, असं क्षणभर वाटलं. नाही कळलं, असंही वाटलं. तिनं ती चिमूट परत कुंडीत टाकली, काळी माती बोटानं खाली दाबली, वर मुरूम ओढला आणि कुणी हात लावलाच नव्हता असं सगळं सपाट केलं.

‘ह्या कुंडीला कुणाला हात लावू देऊ नका हां,’ ती म्हणाली.

‘नाही लावू देणार,’ तो म्हणाला.

ती पोरीला खांद्यावर टाकून जिना उतरली. तिची पावलं खालच्या पायरीशी थांबली, की थांबल्यासारखी वाटली, आणि सुदर्शन कुंडीशेजारी उभा राहून ती पुन्हा वाजतात का ते ऐकत राहिला.